तार, मेसेज आणि नावापुढचं अक्षर



आपल्या आजीच्या काळी घरी तार आली की ती वाचायच्या आधीच रडारड सुरू व्हायची. तारेला शब्दागणिक पैसे पडत, उगाच कोणी तार करत नसे. ती सेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. तोवर आपल्या मोबाइलवर मेसेजचा पाऊस सुरू झाला होता आणि त्यातला कामाचा एखादाच.

जगातला पहिला मेसेज 3 डिसेंबर 1992 ला इंग्लंडमध्ये गेला, नाताळच्या शुभेच्छांचा. आपल्या देशात मोबाइल आला 1995 ला. पुढे मेसेज स्वस्त झाले आणि धंदेवाल्यांनी मशीनवरून एका वेळी हजारो नंबरांना ते सोडायला सुरुवात केली. भोसरी, चाकण, महाळुंगे भागात तर प्लॉट, कर्ज, क्लास यांची नुसती रांग. गटाचा हप्ता खात्यात जमा झाल्याचा बँकेचा मेसेज त्या गर्दीत शोधावा लागतो.

2007 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, जाहिरात नको म्हणणाऱ्यांची यादी सुरू केली. नको असलेला माणूस रोज दारात येणार आणि पाटी मात्र घरवालीनेच लावायची, हा न्याय आम्हाला काही पटत नाही. 2011 मध्ये कोणत्या प्रकारची जाहिरात हवी आणि कोणती नको, ते निवडायची सोय झाली. साध्या सिमवरून दिवसाला 100 च मेसेज, अशी मर्यादाही आली. ती थोड्याच दिवसांत 200 झाली.

2018 च्या नियमाने धंदेवाल्याला आपलं नाव आणि मेसेजचा मजकूर आधी नोंदवणं बंधनकारक केलं. नोंदीशी न जुळणारा मेसेज अडवायचा, ही खरी अंमलबजावणी सुरू झाली 8 मार्च 2021 ला, नेमकी महिला दिनी. कित्येकांची नोंदणी अपुरी होती. बँकेचे, रेल्वेचे, कोविड लसीचे ओटीपीसुद्धा अडकले. दुसऱ्याच दिवशी ट्रायला ती तपासणी आठवडाभर थांबवावी लागली. गवत काढताना पीकही उपटलं जातं, तसंच झालं ते.

आणि चोर तर नोंदणी करतच नाही. 2022 च्या सुमारास राज्यभर मेसेज फिरले, ‘मागचं बिल भरलेलं दिसत नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापू, या नंबरवर फोन करा.’ नवरा दुसऱ्या पाळीला कंपनीत, घरात लहान मूल, अशा वेळी कोणाचाही हात फोनकडे जाईल. फोन केला की ॲप घ्यायला लावायचे आणि खातं रिकामं. महावितरणने तेव्हा सांगितलं की आपले मेसेज कोणाच्या खासगी नंबरवरून येत नाहीत, पाठवणाऱ्याच्या जागी ‘एमएसईडीसीएल’ असतं. आणखी एक गोष्ट बायकांना कोणी सांगत नाही. वीज कायदा 2003 चं कलम 56 म्हणतं, बिल थकलं तरी 15 दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. आज मेसेज आणि रात्री अंधार, असं कायद्यातच नाही.

फेब्रुवारी 2025 च्या दुरुस्तीने पाठवणाऱ्याच्या नावापुढे एक इंग्रजी अक्षर आलं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. इंग्रजी वाचता येत नसलं तरी ही चार अक्षरं ओळखायला एक बैठक पुरते. आम्ही फळ्यावर मोठी काढून घेतो.

जाहिराती बंद करायच्या तर 1909 वर इंग्रजीत ‘स्टार्ट’ लिहून, जागा सोडून शून्य पाठवा. एखाद्या मेसेजची तक्रारही 1909 वरच होते, पण तो आल्यापासून 7 दिवसांच्या आत, म्हणून तो पुसू नका. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन लावा. आणि घाबरू नका, जाहिराती बंद केल्या तरी बँकेचे व्यवहाराचे मेसेज येतच राहतात.