लांबणीवर टाकलेली प्रत

युनिक्स घराण्यातल्या कार्यप्रणालींत नवी प्रोसेस सुरू करण्याचा मूळ मार्ग म्हणजे ‘फोर्क’. चालू प्रोसेस (पालक) फोर्क करते आणि कर्नल तिची हुबेहूब जोडप्रत (अपत्य) उभी करतो. सुरुवातीच्या युनिक्समध्ये त्यासाठी पालक प्रोसेसची सगळी मेमरी खरोखरच उतरवून काढली जाई. अपत्य प्रोसेस मात्र बहुधा लगेच ‘एक्झेक’ करून दुसराच प्रोग्रॅम चालवायला घेई आणि केलेली नक्कल वाया जाई.

ही उधळपट्टी टाळण्याची युक्ती ‘कॉपी-ऑन-राइट’ नावाने ओळखली जाते. दोन्ही प्रोसेस मेमरीची तीच पाने वापरतात. त्या पानांवर लिहायला मनाई केलेली असते. कुणी लिहायला गेले की प्रोसेसर कर्नलला अडथळ्याची वर्दी देतो आणि तेव्हा कुठे त्या एका पानाची प्रत निघते. पीडीपी-१० संगणकासाठी बीबीएन कंपनीने १९७० च्या सुमारास घडवलेल्या टेनेक्स प्रणालीत ही सोय होती. बर्कलेने १९७९ च्या अखेरीस काढलेल्या ३बीएसडीमध्ये मात्र ‘व्हीफोर्क’चा तोडगा होता: अपत्य पालकाचीच मेमरी उसनी घेई आणि एक्झेक होईपर्यंत पालक थांबून राही. मेमरी वाटून घेण्याची नीट सोय झाली की व्हीफोर्क काढून टाकू, असे बीएसडीच्या माहितीपुस्तिकेतच छापले होते. तो आजही वापरात आहे.

प्रत लांबणीवर टाकली की कर्नलपुढे एक प्रश्न कायमचा उभा राहतो: हे पान या प्रोसेसचे एकटीचे आहे की सामाईक? पुढचे बरेच दोष या प्रश्नाचे उत्तर आडवळणाने काढण्यातून उद्भवले.

लिनक्सला पहिली अडचण आली ती प्रोसेसरमुळेच. इंटेलचा ८०३८६ कर्नलच्या अवस्थेत चालताना पानावरची लेखनबंदी पाळतच नसे. प्रोसेसने फाइल वाचायला सांगितली की तिच्या मेमरीत मजकूर भरतो तो कर्नल; ते पान सामाईक असले तर कुठलाही अडथळा न येता पालकाच्या मेमरीतही तोच मजकूर जाई. म्हणून लिहिण्याआधी प्रत्येक पान सॉफ्टवेअरने तपासून घ्यावे लागे. ८०४८६ मध्ये ही बंदी कर्नललाही लागू करण्याची सोय आली. त्यानंतर कितीतरी वर्षे लिनक्स सुरू होताना मुद्दाम एका लेखनबंद पानावर लिहून पाही आणि प्रोसेसर बंदी पाळतो की नाही, ते पडद्यावर छापी. २०१३ मधील ३.८ या आवृत्तीत ८०३८६ चा आधारच काढून टाकण्यात आला.

सर्वांत गाजलेला दोष ‘डर्टी काऊ’ (सीव्हीई-२०१६-५१९५). फक्त वाचता येणारी फाइल एखादी प्रोसेस खासगी म्हणून मेमरीत जोडते आणि ‘/प्रोक/सेल्फ/मेम’ या वाटेने तिच्यावर लिहू पाहते. कर्नल त्या पानाची खासगी प्रत काढतो. आता मूळ पानाला धोका नाही असे धरून तो आपल्या मागणीतली ‘लिहायचे आहे’ ही खूण पुसतो आणि पान पुन्हा शोधायला जातो. नेमक्या त्याच फटीत दुसरा थ्रेड ‘एमॲडव्हाइज’ करून ती प्रत टाकून देतो. कर्नलच्या हातात आता केवळ वाचनाची मागणी उरलेली असते, म्हणून त्याला फाइलचे मूळ पान मिळते आणि लेखन थेट त्यावर होते. अशा रीतीने साध्या वापरकर्त्याला रूटच्या मालकीची फाइल बदलता येई.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्येच ही फट बुजवायचा प्रयत्न केला होता. पण त्यासाठी लागणारी, पानावर लेखन झाल्याची ‘डर्टी’ नोंद आयबीएमच्या एस३९० यंत्रांवर पानांच्या तक्त्यात ठेवली जात नसे. तिथे अडचण आल्याने तो बदल मागे घेतला गेला. तेव्हा दोन थ्रेडमधली ही शर्यत केवळ कागदावरची वाटत होती. मेमरी-व्यवस्था अधिक समांतर होत गेली तशी ती जिंकणे सोपे झाले. फिल ओस्टर यांनी हल्ला झालेल्या सर्व्हरच्या नेटवर्क-नोंदींतून हा दोष वापरणारा प्रोग्रॅम हस्तगत केला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये दुरुस्ती आली. त्यानंतर लेखनाची खूण पुसली जाईनाशी झाली. प्रत काढल्याची वेगळी खूण ठेवली जाऊ लागली आणि प्रत जागेवर आहे की नाही, हे डर्टी नोंदीवरून ताडले जाऊ लागले. मोठ्या पानांच्या बाबतीत ही नोंद निव्वळ वाचनानेही होऊ शकते, हे २०१७ मध्ये उघड झाले आणि तिथे पुन्हा दुरुस्ती करावी लागली.

२०२० मध्ये उलट्या बाजूचा दोष पुढे आला. अपत्याने ‘व्हीएमस्प्लाइस’ने सामाईक पानाचा संदर्भ धरून ठेवला आणि स्वतःची जोडणी सोडली, की जोडण्यांच्या मोजणीत पालक एकटाच दिसे. मग पालक प्रत न काढता त्याच पानावर लिही आणि अपत्याला ते वाचता येई. ५.८ आणि ५.९ या आवृत्त्यांतल्या उपायांनी गळती बहुतांशी थांबवली, पण उपकरणांसाठी जागेवर खिळवलेल्या पानांची प्रत भलत्या वेळी निघू लागली. २०२२ मधील ५.१९ आवृत्तीत डेव्हिड हिल्डेनब्रांड यांच्या बदलांनी एकाच प्रोसेसच्या मालकीच्या खासगी पानांवर ‘एकट्याचे’ अशी स्पष्ट खूण आणली. त्याच वर्षी २०१६ ची प्रत-खूणही काढून टाकण्यात आली. पानाच्या मालकीचा निर्णय त्यामुळे डर्टी नोंदीवर किंवा जोडण्यांच्या मोजणीवर न सोडता थेट ‘एकट्याचे’ या खुणेवरून होऊ लागला.