खेर, बाळ गंगाधर

(२४ ऑगस्ट १८८८ – ८ मार्च १९५७). मुंबई इलाख्याचे पहिले काँग्रेसी मुख्य प्रधान आणि तत्पूर्वी सॉलिसिटर. जन्म रत्नागिरीस. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृतात भाऊ दाजी पारितोषिक मिळवून त्यांनी १९०८ साली विधीची पदवी घेतली आणि दृष्टी अधू असलेल्या न्यायमूर्ती बीमन यांचे साहाय्यक म्हणून काही काळ काम केले. पुढे १९१८ साली मणिलाल-खेर ही सॉलिसिटरांची पेढी सुरू झाली. मुंबईच्या उच्च न्यायालयात मूळ शाखेच्या दाव्यांत सॉलिसिटराने अशिलाची हकीकत ऐकावी, दस्तऐवज तपासावेत व कैफियती सिद्ध कराव्यात, आणि न्यायासनासमोर युक्तिवाद मात्र बॅरिस्टराने वा ॲडव्होकेटाने करावा, अशी विभागणी असे. वक्तृत्वापेक्षा मसुद्याला जपणारी ही वृत्ती खेरांच्या राजकारणातही अखेरपर्यंत टिकली, असे म्हणण्यास हरकत नाही.

स्वराज्य पक्षाच्या मुंबई शाखेचे चिटणीसपद सांभाळून आणि १९३० व १९३२ च्या सत्याग्रहांत कारावास भोगून ते १९३७ साली विधानसभेवर निवडून आले. मुंबईचे लोकप्रिय पुढारी व तितकेच नामांकित वकील खुर्शेद नरीमन यांना डावलून काँग्रेस पक्षाने या मितभाषी गृहस्थांस नेतेपद दिले, तेव्हा या निवडीमागे असल्याच्या आरोपावरून वल्लभभाई पटेलांवर गहजब झाला. गांधीजी व कायदेपंडित बहादुरजी यांच्या चौकशीत पटेल निर्दोष ठरले, तरी नरीमन यांच्याविषयीची हळहळ मुंबईत पुष्कळ काळ रेंगाळली. जुलैत खेरांनी सूत्रे स्वीकारली. मुनशी, मोरारजी देसाई, लठ्ठे अशा आग्रही सहकाऱ्यांना एकत्र ठेवणे हे खेरांचे खरे कसब. सत्याग्रहात जप्त होऊन विकल्या गेलेल्या गुजरातेतील जमिनी मूळ मालकांस परत देणारा कायदा याच कारकिर्दीतला. १९३८ चा औद्योगिक कलहांचा कायदा मात्र संपाच्या हक्कावर बंधने घालणारा म्हणून आंबेडकर व डांगे यांच्या प्रखर विरोधास पात्र ठरला, आणि तो विरोध निराधार नव्हता. हिंदुस्थानास न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ १९३९ साली मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

१९४६ ते १९५२ या दुसऱ्या कारकिर्दीत हरिजन मंदिरप्रवेशाचा (१९४७) व कूळवहिवाटीचा (१९४८) असे दोन कायदे झाले, सरकारी एस. टी. सुरू झाली व पुणे विद्यापीठ उभे राहिले. त्यानंतर ते लंडनला भारताचे उच्चायुक्त होते. १९५४ साली पद्मविभूषण मिळालेल्या खेरांकडे पुढील वर्षी राजभाषा आयोगाचे अध्यक्षपद आले. आयोगाच्या अहवालास सुनीतिकुमार चतर्जी व मद्रासचे माजी मुख्य प्रधान डॉ. सुब्बरायन यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या.