‘औषध’ या शब्दाआडचे विष : श्वासनलिकेतील एका विकराचा इतिहास

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी हे गाव मराठवाड्याच्या कापूस पिकविणाऱ्या टापूत येते. या टापूत कपाशीवर कीटकनाशक फवारणारा शेतकरी ‘औषध मारतो’. आणि तेच द्रव्य कोणी जीव देण्यासाठी घेतले, तर तो ‘औषध प्याला’ असे लोक म्हणतात. पिकाचे रक्षण व माणसाचे मरण या दोहोंना एकच शब्द कसा लागू पडला, हे समजण्यासाठी श्वासनलिकेतील एका विकराचा इतिहास पाहिला पाहिजे.

फुप्फुसाकडे जाणाऱ्या प्राणेशा मज्जातंतूच्या शाखांच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य स्रवते. त्याच्या योगाने श्वासनलिकेचा स्नायू आकुंचन पावतो व तेथील ग्रंथी कफ सोडू लागतात. हा संदेश क्षणमात्रच टिकतो. कारण ॲसिटिलकोलीनेस्टरेज हे विकर त्या द्रव्याचे विघटन करून कोलीन व ॲसिटेट हे दोन निरुपद्रवी घटक मोकळे करते. विकराचा एक रेणू एका सेकंदात असे हजारो रेणू तोडतो. आकुंचन पावलेली श्वासनलिका पुन्हा सैल होते ती या कार्यामुळे.

असे एखादे विकर असले पाहिजे, हा तर्क हेन्री डेल यांनी 1914 साली केला. 1921 मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावरील प्रयोगाने मज्जातंतूंचा संदेश रासायनिक असतो हे दाखविले, आणि 1926 मध्ये लोवी व नव्रातिल यांनी आफ्रिकेतील कॅलाबार घेवड्याच्या विषाने या विकराचे कार्य थांबते हे सिद्ध केले. डेल व लोवी यांना 1936 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षाच्या अखेरीस जर्मनीत गेर्हार्ड श्राडर हे कीटकनाशके शोधत असता त्यांच्या हाती ताबून हा विषारी पदार्थ आला. किडीच्या व मनुष्याच्या शरीरात हे विकर मूलतः एकच कार्य करीत असल्याने, एकाला मारणारे द्रव्य दुसऱ्यालाही घातक ठरले. त्या शोधातून एकीकडे युद्धातील विषारी वायू व दुसरीकडे शेतीतील सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके निर्माण झाली.

भारतात या विषाचा मोठा आघात 1958 साली केरळात झाला. पॅराथिऑन मिसळलेले पीठ खाण्यात येऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर चौकशी झाली व 1968 मध्ये कीटकनाशकांचा कायदा संमत झाला. तरीही 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले.

फॉस्फरसयुक्त विष शरीरात गेले म्हणजे ते विकराला घट्ट चिकटते व त्याचे कार्य बंद पाडते. न तुटलेले ॲसिटिलकोलीन साचत जाते, श्वासनलिका आवळते, छातीत पाणी भरल्यासारखी खरखर सुरू होते. पुढे श्वसनाचे स्नायूही शिथिल पडतात. यावर वैद्य ॲट्रोपीन टोचतात. हे द्रव्य साचलेल्या ॲसिटिलकोलीनचा श्वासनलिकेवरील परिणाम रोखते, आणि छातीतील खरखर थांबली की मात्रा पुरेशी झाली असे समजतात. बांधावर उगवणाऱ्या धोतऱ्यातही याच जातीची द्रव्ये असतात. परंतु त्यांचे प्रमाण अनिश्चित असल्याने धोतरा स्वतःच विष ठरतो. विकर मोकळे करणारे प्रालिडॉक्झीम 1955 साली पुढे आले. मात्र विलंब झाल्यास विषाची पकड पक्की होते व त्याचा उपयोग उरत नाही.

अत्यंत विषारी कीटकनाशकाच्या वेष्टनावर कायद्याने लाल त्रिकोण, कवटीचे चित्र व ‘विष’ हा शब्द छापलेला असतो. शेतकऱ्याच्या तोंडी मात्र ‘औषध’ हाच शब्द राहिला आहे. ज्याला औषध म्हटले जाते त्याचे भय वाटत नाही, आणि फडके न बांधता फवारणाऱ्या हातांना त्या भयाचीच गरज असते. डब्यावरील शब्द बोलीत उतरेल, तेव्हाच त्या कायद्याचे कार्य पुरे झाले असे म्हणता येईल.