ठराव आणि अंमल : महाड, १९२३ ते १९३७

आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यांतील हक्क, विशेषतः बालकांचे हक्क, व्यवहारात कसे उतरतात याचा शोध घेताना अभ्यासकांची दृष्टी सहसा जिनिव्हाकडे वळते. पोलादपूरहून वाहत येणाऱ्या सावित्रीच्या काठचे महाड या दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही.

राष्ट्रसंघाने बालकांच्या हक्कांचा जाहीरनामा १९२४ च्या सप्टेंबरात स्वीकारला. हिंदुस्थान त्या संघाचा मूळ सभासद होता. तत्पूर्वीच, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव संमत केला होता. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय. पाणी आणि शाळा एकाच ठरावात यावीत हे यथार्थ होते. शाळेत दाखल झालेल्या मुलाला तहानही लागते. साताऱ्याच्या शाळेत शिपाई हजर नसला की बाल आंबेडकरांना तहानलेलेच राहावे लागे.

महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे सर्वांस खुले केले, ते कागदावर. तीन वर्षे कोणी तेथे गेले नाही. ठराव न पाळणाऱ्या संस्थांचे अनुदान रोखावे, अशी शिफारस बोले यांना १९२६ मध्ये करावी लागली, यावरून अन्यत्रही काय स्थिती असावी ते उघड होते. अखेर २० मार्च १९२७ रोजी परिषदेस आलेले लोक आंबेडकरांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. नंतर त्यांच्यावर हल्ले झाले. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस परिषदेच्या बाजूचे होते. तरीही ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या परिषदेत आंबेडकरांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेचे स्मरण दिले. मात्र न्यायालयाचा मनाई हुकूम आल्यामुळे तळ्यावर जाणे त्या वेळी तहकूब झाले.

दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला, पण मनुष्यमात्राच्या हक्काच्या आधारावर नव्हे, तर बहिष्काराची रूढी अनादि असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही म्हणून. रूढी सिद्ध झाली असती तर? या प्रश्नाचे निःसंदिग्ध उत्तर १९५० मध्ये आले. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात सार्वजनिक निधीतून राखलेल्या विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा नामनिर्देश आहे. बोले यांच्या ठरावाची भाषा तेथे ओळखू येते.