न दिसणाऱ्या जिवांची मोजदाद : गाझियाबाद आणि भारतातील जिवाणू खतांचा इतिहास



हरित क्रांतीचा अभ्यास करताना सुधारित बियाणे, धरणे, युरिया आणि ट्रॅक्टर यांची चर्चा नेहमी होते. या पाठात आपण एका वेगळ्या खताचा इतिहास पाहणार आहोत. हे खत जिवंत असते. त्यातील जीव मेले की पाकिटात उरते ती निव्वळ भुकटी. दुकानात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला मात्र जिवंत पाकीट आणि मेलेले पाकीट सारखेच दिसते. त्यामुळे जिवाणू खतांच्या इतिहासात विज्ञानाइतकाच तपासणीचा आणि विश्वासाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. या प्रश्नाचा मागोवा घेताना आपल्याला दिल्लीशेजारच्या गाझियाबादला जावे लागते.

१. दोन वाटा

कडधान्यानंतर घेतलेले पीक जोमदार येते, हे शेतकऱ्यांना पूर्वापार ठाऊक होते. त्यामागचे कारण जर्मनीतील हेल्रीगेल यांनी १८८६ मध्ये मांडले. कडधान्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात, असे त्यांनी दाखवले. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायरिंक यांनी हे जिवाणू वेगळे काढून वाढवले. लगेच पुढच्या दशकात जर्मनीत त्यांची बाटलीबंद विक्रीही सुरू झाली.

भारतात या विषयाचा पहिला पद्धतशीर अभ्यास एन. व्ही. जोशी यांनी केला. बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत काम करताना त्यांनी कडधान्यांच्या गाठींतील जिवाणूंवरील संशोधन १९२० मध्ये प्रसिद्ध केले. ही झाली पहिली वाट : उपयोगी जिवाणू निवडायचा, प्रयोगशाळेत वाढवायचा आणि बियाण्याला लावून शेतात पोहोचवायचा.

दुसरी वाट इंदूरची आहे. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड तेथे काम करत होते. काडीकचरा, शेण, गोमूत्रात भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते ठरावीक काळाने उलथून कंपोस्ट करण्याची ‘इंदूर पद्धत’ तेथे विकसित झाली. तिच्यावरचे १९३१ चे पुस्तक हॉवर्ड यांनी आपले सहकारी यशवंत वाड यांच्यासोबत लिहिले. हॉवर्ड यांचे नाव जगभर गेले, वाड यांचे नाव मात्र क्वचितच घेतले जाते. या वाटेचा विचार असा, की बाहेरून जिवाणू आणण्याआधी जमिनीत आहेत त्यांना खायला द्या.

या दोन वाटा लक्षात ठेवा. पुढचा सारा इतिहास या दोहोंमध्ये फिरतो.

२. तेलाचा भाव आणि १९८३

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असते. कारखान्यात त्याचा अमोनिया करण्यासाठी प्रचंड दाब, उष्णता आणि खनिज इंधन लागते. १९७३ च्या अखेरीस आखाती देशांच्या निर्णयांमुळे तेलाचे भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाले आणि खतेही महागली. अधिक उत्पादन देणारे वाण रासायनिक खतांवर अवलंबून होते, त्यामुळे भारताची अडचण दुहेरी झाली. मुळांच्या गाठींत हेच काम बिनइंधनाने होते, ही गोष्ट आता आर्थिक धोरणाचा विषय बनली.

सहाव्या पंचवार्षिक योजनेत, १९८३ मध्ये, केंद्र सरकारने जिवाणू खतांचा विकास व वापर यासाठी राष्ट्रीय प्रकल्प सुरू केला. त्याचे मुख्य केंद्र गाझियाबादला आले आणि नागपूर, बंगळुरू, जबलपूर, भुवनेश्वर, हिस्सार व इंफाळ येथे प्रादेशिक केंद्रे उभी राहिली. जिवाणूंच्या चांगल्या प्रजाती जतन करणे, उत्पादकांना मूळ संवर्धन पुरवणे, प्रशिक्षण देणे आणि नमुने तपासणे ही त्यांची कामे होती. २००४ मध्ये हा प्रकल्प सेंद्रिय शेतीच्या राष्ट्रीय प्रकल्पात विलीन झाला आणि गाझियाबादचे केंद्र राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्र म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे त्याच्या नावात नैसर्गिक शेतीही आली.

३. पाकिटात काय आहे?

जिवाणू खत बहुधा लिग्नाइटसारख्या भुकटीत मिसळून विकले जाते. उन्हात तापलेल्या गोदामात किंवा ट्रकमध्ये त्यातील जिवाणू झपाट्याने मरतात. अशा पाकिटाने बीजप्रक्रिया केली तरी मुळांवर गाठी वाढत नाहीत. पैसे पाकिटापुरतेच जातात, पण हंगाम परत येत नाही. एकदा फसलेला शेतकरी पुढे चांगल्या पाकिटावरही विश्वास ठेवत नाही.

भारतीय मानके होती, पण ती ऐच्छिक होती. २००६ मध्ये ऱ्हायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, ॲझोस्पिरिलम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू ही खते १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली आली. भुकटीच्या खतात दर ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवरूप खतात दर मिलीलीटरला किमान १० कोटी जिवंत पेशी असणे बंधनकारक झाले.

एवढ्या पेशी मोजायच्या कशा? एक ग्रॅम खत निर्जंतुक पाण्यात दहा-दहा पटींनी पातळ करत नेतात. समजा, १० लाख पट पातळ केलेल्या द्रवाचा १ मिलीलीटर पोषक माध्यमावर पसरला आणि ५० वसाहती उगवल्या. एका वसाहतीमागे एक जिवंत पेशी धरली, तर ५० गुणिले १० लाख म्हणजे ५ कोटी. नमुना जेमतेम उत्तीर्ण! शेतकऱ्याच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या मालाला अशा रीतीने कायद्याची ओळख मिळाली.

४. २०१५ : एक बाटली आणि एक पत्रिका

२०१५ मध्ये गाझियाबादच्या केंद्राने ‘वेस्ट डिकंपोजर’ आणले. २० रुपयांच्या बाटलीतील संवर्धन २०० लिटर पाणी व २ किलो गुळात घालून शेतकऱ्याने पिंपात वाढवायचे, आणि त्यातल्याच थोड्या द्रवाने पुढचे पिंप भरायचे. काडीकचरा कुजवणे हा त्याचा एक मुख्य उपयोग. अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर यांच्या जीवामृताच्या पिंपातही शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन असते. दोन्हींत इंदूरची वाट पुन्हा दिसते. पण पाकिटातील पेशी मोजता येतात, घरोघरच्या पिंपांची तपासणी कोण करणार? स्वस्ताई आणि हमी यांतला हा ताण अजून सुटलेला नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत राजस्थानातील सुरतगड येथे मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली. पत्रिकेत १२ घटक असतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. या यादीत जिवाणूंची थेट नोंद कोठेही नाही. त्यांची चाहूल लागते ती फक्त सेंद्रिय कर्बाच्या आकड्यातून, कारण कर्ब हेच त्यांचे अन्न. म्हणजे राज्यव्यवस्थेने पाकिटातील जीव मोजायला सुरुवात केली, पण ज्या जमिनीत ते सोडायचे तिथला जीव पत्रिकेबाहेरच राहिला.

सारांश

जोशींची वाट आणि हॉवर्ड-वाड यांची वाट परस्परविरोधी नाहीत. कर्ब संपलेल्या जमिनीत उत्तम जिवाणूही उपाशी मरतो. उलट, सोयाबीनसारखे पीक नव्या जमिनीत नेले की तेथे योग्य जिवाणू नसण्याचीच शक्यता अधिक, आणि नुसत्या कंपोस्टने ती उणीव भरत नाही.

स्वाध्याय

१. १९७३ च्या तेलसंकटाचा जिवाणू खतांच्या धोरणाशी असलेला संबंध स्पष्ट करा.
२. ऐच्छिक मानकापेक्षा २००६ चा बदल कोणत्या अर्थाने वेगळा होता?
३. तुमच्या गावातील एखादी मृदा आरोग्य पत्रिका मिळवा. तीत सेंद्रिय कर्ब किती आहे ते पाहा, आणि त्या शेतात आधी कोणती वाट धरावी ते कारणासह लिहा.