जुनं मस्टर

परवा पुतण्याकडे गेलो, तर स्वारी संगणकावर पर्लची एक जुनी स्क्रिप्ट दुरुस्त करत बसलेली. मी पडलो मराठीतून बी.ए. झालेला मास्तर, पण 'पर्ल ही भाषा आहे, काका' म्हटल्यावर कान टवकारलेच.

तिचा कर्ता लॅरी वॉल मूळचा भाषाशास्त्राचा विद्यार्थी. आफ्रिकेतल्या एखाद्या लिपी नसलेल्या भाषेला लिपी द्यायची असा त्याचा आणि पत्नीचा बेत होता. तब्येतीपायी तो राहिला. पुढे नोकरीत ढीगभर फायलींतून अहवाल काढायचं काम आलं, 'ऑक' हे हाताशी असलेलं साधन अपुरं पडलं, म्हणून गड्याने नवी भाषाच केली! डिसेंबर १९८७ मध्ये ती सर्वांना खुली केली.

यंत्र आपण काय काय केलं ते ओळीओळीने लिहून ठेवतं, ती लॉग फाइल. आपलं मस्टरच म्हणा ना. स्क्रिप्ट तिच्या शेवटच्या ओळीवर डोळा ठेवून असते. पण फाइल फुगली की तिचं नाव बदलून बाजूला ठेवतात आणि मूळ नावाने कोरी उघडतात. युनिक्समध्ये एकदा उघडलेली फाइल नाव बदललं तरी हातून सुटत नाही. म्हणजे जूनमध्ये टेबलावर नवं मस्टर आलंय आणि मी जुन्याचंच शेवटचं पान धरून बसलोय! यावर उपाय म्हणजे नावावर न जाता अधूनमधून फाइलचा आयनोड क्रमांक ताडून बघायचा.

दूरच्या यंत्राशी जोडणी असेल तर आणखी पंचाईत. पलीकडची वीज गेली तरी इकडे कळत नाही, कारण टीसीपीत बोलण्यासारखं नसेल तेव्हा कुणी काही पाठवतच नाही. 'आहेस ना?' विचारायची सोय आहे, पण १९८९ च्या आरएफसी ११२२ ने ती एरवी बंदच ठेवायला सांगितली, आणि चालू केलीच तर सहसा निदान दोन तास शांततेत जाऊ द्यायचे. उगाच विचारपूस करताना धड जोडणी तुटायची, ही भीती. म्हणून पर्लवाले 'अलार्म' लावतात. इतक्या सेकंदांत उत्तर नाही आलं, की जोडणी सोडून पुन्हा जोडायची.

पुतण्याची स्क्रिप्ट अकरा दिवस गप्प होती. सगळ्यांना वाटलं, सर्व ठीक चाललंय.

माझा एक वर्गमित्र दर रविवारी फोन करायचा. दोन महिने आला नव्हता. घरी आल्यावर मीच लावला.

"अरे, मला वाटलं तू रागावलायस," तो म्हणाला.