वाट सोडायची नाही

सुट्टीत नातू आला की रात्रीची गोष्ट ठरलेली. पूर्वी इसापनीती चालायची, मग बिरबल, मग शिवाजीमहाराज... आता स्वारी अकरा वर्षांची झाली, तेव्हा या खेपेला पुस्तक त्यानेच आणलं. टॉल्किन यांचं 'द हॉबिट'. अट अशी, की आजीने वाचायचं इंग्रजीत आणि सांगायचं मराठीत! माझं बी. ए. मराठी माध्यमातलं, तेही इतिहास घेऊन. त्यामुळे दुपारी शब्दकोश घेऊन मी गृहपाठ करते आणि रात्री परीक्षेला बसते. सध्या आम्ही मिर्कवूडच्या रानात आहोत.

ज्यांनी वाचलं नसेल (माझ्या भावंडांपैकी एकानेही वाचलेलं नसणार, पैजेवर सांगते) त्यांच्यासाठी थोडक्यात. बिल्बो नावाचा एक छोटासा, घरकोंबडा हॉबिट तेरा बुटक्यांबरोबर ड्रॅगनने बळकावलेला खजिना परत मिळवायला निघतो. वाटेत हे प्रचंड अरण्य लागतं. शिरण्याआधीच त्यांना बजावलेलं असतं, की काही झालं तरी वाट सोडायची नाही. मध्ये काळा ओढा लागेल, त्याचं पाणी प्यायचं नाही, त्यात उतरायचंही नाही. एक लठ्ठ बुटका त्यात पडतो आणि दिवसेंदिवस झोपून राहतो. जागा होतो तेव्हा प्रवासातलं काही म्हणजे काही त्याला आठवत नाही. रात्री चहूकडे डोळे चमकतात. लांबवर दिवे दिसतात, मेजवानी चाललेली दिसते, आणि जवळ जावं तर सगळं दप्‌दिशी विझतं. शेवटी भुकेने कासावीस होऊन ही मंडळी वाट सोडतात, आणि मग येतात ते राक्षसी कोळी. एक कोळी मारल्यावर बिल्बो आपल्या छोट्या तलवारीचं नाव ठेवतो. त्याचं मराठी मी 'नांगी' केलं. नातवाने मान डोलावली, म्हणजे पास.

"आजी, हे रान त्यांनी मनानेच बनवलं का गं?" त्याने विचारलं. झालं! चाळीस वर्षांची मास्तरकी जागी झाली.

रान मनाने बनवलेलं नाही. ज्युलियस सीझर आपल्या गॉलच्या युद्धाच्या वृत्तांतात जर्मनीतल्या हर्सिनियन अरण्याचं वर्णन करतो. रुंदी ओलांडायला झपाझप चालणाऱ्याला नऊ दिवस, आणि लांबी अशी की साठ दिवस चालूनही टोक गाठलेला माणूस सापडत नाही. त्यातले प्राणीही त्याने नोंदवलेत. कपाळावर मधोमध एकच शिंग असलेला, हरणासारखा बैल! दुसरा प्राणी त्याहून गमतीचा. त्याच्या पायांना म्हणे सांधेच नसतात. तो झाडाला टेकून उभ्यानेच झोपतो, म्हणून शिकारी ते झाड बुंध्याशी जवळजवळ कापून ठेवतात. रात्री तो टेकला की झाडासकट आडवा, आणि एकदा पडला की उठणं नाही. सीझरला कुणीतरी चांगलंच बनवलं असणार. पण गंमत बाजूला ठेवली तर लक्षात येतं, की एवढा व्यवहारी सेनापती, जो पूल कसा बांधला ते खांबाखांबाने लिहितो, तोसुद्धा रानाच्या कडेला पोचल्यावर परीकथा लिहायला लागतो.

पुढे इ. स. ९ मध्ये रोमनांना या रानाची खरीच ओळख पटली. त्यांच्याच सैन्यात तयार झालेल्या आर्मिनियसने व्हारस या सेनापतीला ट्युटोबर्गच्या रानात नेलं आणि तीन लीजन कापून काढली. सतरा, अठरा आणि एकोणीस हे तीन क्रमांक रोमने पुन्हा कधी कुठल्या लीजनला दिले नाहीत. सहा वर्षांनी रोमन सैन्य तिथे परत गेलं तेव्हा काय दिसलं ते टॅसिटसने लिहून ठेवलंय. उघड्यावर पडलेली हाडं आणि झाडांच्या खोडांना ठोकलेल्या कवट्या. (हे नातवाला सांगितलं नाही. सुनेची भीती कोळ्यांपेक्षा जास्त.)

'मिर्कवूड' हे नावही टॉल्किन यांचं नव्हे. जुन्या नॉर्स काव्यांत 'मिर्कविद्र' म्हणून काळोखं रान येतं, गॉथ आणि हूण यांच्यामधलं, सरहद्दीवरचं. विल्यम मॉरिस यांनी १८८९ च्या कादंबरीत ते इंग्रजीत आणलं. टॉल्किन तर ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक, त्यांना हे सगळं मुखोद्गत. हे नाव आपण शोधलेलं नसून फार प्राचीन आहे, असं त्यांनी १९६६ मध्ये एका पत्रात सांगितलं. कुणाला? स्वतःच्या नातवाला! हे वाचलं आणि मला उगाचच फार बरं वाटलं.

कोळ्यांचंही तसंच. बिल्बो त्यांना चिडवताना 'अ‍ॅटरकॉप' म्हणतो. तो कोळ्यासाठी जुना इंग्रजी शब्द आहे, त्यात विषाचा अर्थ दडलेला आहे. टॉल्किन यांचा जन्म १८९२ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनचा. तिथे चालायला शिकत असताना त्यांना मोठा कोळी चावला होता. लोक म्हणतात कोळी त्यातून आले. ते स्वतः मात्र म्हणायचे की मला काही आठवत नाही, न्हाणीघरात कोळी सापडला तर मी त्याला वाचवतो. कोळी गोष्टीत घातले ते मुलगा मायकेल घाबरायचा म्हणून. बापलोक!

आणि हे पुस्तक सुरू कसं झालं ठाऊक आहे? टॉल्किन जादा पैशांसाठी शालेय परीक्षेचे पेपर तपासायचे. १९३० च्या आसपास कधीतरी एका मुलाने उत्तरपत्रिकेत एक पान कोरं सोडलेलं सापडलं, आणि त्यावर त्यांनी हॉबिटबद्दलचं पहिलं वाक्य लिहिलं. पुस्तक १९३७ मध्ये आलं. मी आयुष्यभर असे गठ्ठे तपासले. कोऱ्या पानावर लाल रेघ मारण्यापलीकडे मला कधी काही सुचलं नाही.

पण मला जे लिहायचंय ते यापुढचं. 'हॉबिट'नंतर १९५४-५५ मध्ये 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आलं. त्यात एक जुनं रान आहे. ते माणसाला फिरवून फिरवून आपल्याला हवं तिथेच आणून सोडतं. आपण ज्याला चकवा लागणं म्हणतो तेच. तिथला एक म्हातारा वाळुंज दोघा हॉबिटांना झोपवून खोडाच्या फटीत ओढून घेतो. आता या रानाला राग का? तर पूर्वी झाडं कुंपणापर्यंत सरकत आली, म्हणून हॉबिटांनी शेकडो झाडं तोडून त्यांची होळी केली होती. रान ते विसरलेलं नाही. खांडववन जाळलं त्याची गोष्ट आपण अर्जुनाच्या बाजूने सांगतो, इथे ती झाडांच्या बाजूने आहे.

टॉल्किन लहानपणी, १८९६ पासून चारेक वर्षं, बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल गावात राहिले. वडील नुकतेच गेलेले. गिरणीच्या तळ्यावर झुकलेला एक वाळुंज होता, त्यावर मुलं चढायची. एक दिवस तो कुणीतरी तोडला. लाकूड वापरलंही नाही, नुसतंच पडून राहिलं. म्हातारपणीही ते त्यांना सलत होतं.

आमच्या माहेरी परसात पिंपळ होता. मोठ्यांना आठवत असेल. त्यावर मुंजा आहे असं आजी सांगायची. तिन्हीसांजेनंतर आम्ही तिकडे फिरकायचो नाही, आणि पिंपळाची फांदी छाटायची गडीमाणसांची छाती नव्हती. मी शिक्षिका झाले आणि भुतंखेतं काही नसतात हे वर्गात शिकवलं, घरातही शिकवलं. भाचरांना हाताला धरून रात्री पिंपळाखाली नेऊन आणलं. तेव्हा आजी माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती.

१९९४ मध्ये जागा विकायची ठरली. आधी पिंपळ काढून द्या, असं घेणाऱ्याचं म्हणणं. सह्या झाल्या, माझीही झाली. तोडायला आलेला माणूस कुऱ्हाड खाली ठेवून उभा राहिला आणि मलाच विचारलं, "बाई, इथं काही आहे का?" मी म्हटलं, "काही नाही. तोडा."

खोटं बोलले नाही. आजही मुंजा मानत नाही. पण त्या माणसाने एक मिनिट तरी थांबून विचारलं होतं, आणि त्याचं थांबणं मी संपवलं.

असो. टॉल्किन यांच्या रानात वृक्षराखे आहेत, एंट. हा जुन्या इंग्रजीत राक्षसांसाठी असलेला शब्द. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये रान चालून येणार म्हणतात, आणि येतात फांद्या धरलेले सैनिक! शाळकरी टॉल्किन यांची त्याने घोर निराशा झाली होती. ती भरपाई त्यांनी इथे केली. कुऱ्हाडी चालवणाऱ्या सारुमानच्या गढीवर झाडं खरोखरच चालून जातात. १९१६ मध्ये ते सोमच्या आघाडीवर होते, खंदकांतल्या तापाने परत आले. त्याच आघाडीवरच्या डेल्व्हिल वूड या रानात लढाईनंतर मूळचं एकच झाड जिवंत उरलं. ते तिथे लढले नव्हते, पण फार दूरही नव्हते.

१९७२ मध्ये एका इंग्रजी दैनिकाने उदास रानासाठी त्यांचं नाव विशेषणासारखं वापरलं, तेव्हा ऐंशी वर्षांच्या या गृहस्थांनी संपादकांना पत्र धाडलं, की माझ्या सगळ्या लिखाणात मी झाडांचीच बाजू घेतलेली आहे. पुढच्याच वर्षी ते गेले. ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानातला त्यांचा आवडता काळा पाइन २०१४ पर्यंत होता. दोन मोठ्या फांद्या कोसळल्या आणि धोका नको म्हणून तो उतरवावा लागला.

काल रात्री नातवाला पिंपळाचं सांगितलं. कुऱ्हाडवाल्याचंही. त्याने बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "मग तिथे आता काय आहे?" पार्किंग आहे, म्हटलं. तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "चल, कोळी सुरू कर."

बाहेरचा दिवा मात्र चालू ठेवायला लावला.